गोळी कुणाच्या हातून? ग्रामीण आफ्रिकेतल्या एचआयव्ही उपचारांची पार्श्वभूमी

युगांडाच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेला लागून राकाई जिल्हा आहे. तिथे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी कासेन्सेरो नावाचं मासेमारांचं गाव आहे. १९८२ च्या सुमारास या गावातली धडधाकट माणसं खंगून मरू लागली. ताप, न थांबणारे जुलाब, आणि वजन असं उतरायचं की लोकांनी दुखण्याला नावच ‘स्लिम’ दिलं. सीमेपलीकडून माल आणणारे व्यापारी आधी गेले, त्यामुळे कुणीतरी करणी केली अशी कुजबुज बरेच दिवस चालली. अमेरिकेत १९८१ मध्ये नोंदलेल्या एड्सच्या विषाणूशी या दुखण्याचा संबंध आहे, हे युगांडातल्या आणि ब्रिटिश डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडलं.

खेड्यात हा विषाणू पोचला तो पोटामागे फिरणाऱ्या माणसांबरोबर. दक्षिण आफ्रिकेत तर त्याची वाट आधीच आखून ठेवलेली होती. सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते, पण त्यांची बायकापोरं नको होती. त्यामुळे ट्रान्सकाय, झुलूलँड, लेसोथोमधले पुरुष वर्षाचे बरेच महिने खाणीजवळच्या पुरुषांच्या वसाहतीत काढायचे आणि सुट्टीपुरते घरी यायचे. या घडीचा सगळा दोष बाहेर गेलेल्या पुरुषांवर टाकण्याची सवय संशोधकांनाही होती. दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या एका अभ्यासाने ती मोडली. नवरा-बायकोपैकी एकालाच लागण असलेल्या जोडप्यांमध्ये जवळजवळ तीनपैकी एका ठिकाणी लागण घरी राहिलेल्या बाईला होती. महिनोन्‌महिने पैसे येत नसतील तर मागे राहिलेलीने जगायचं कसं, हा प्रश्न तोवर फारसा कुणी विचारला नव्हता.

युगांडात १९८६ मध्ये आलेल्या मुसेवेनी सरकारने निदान तोंड उघडलं. शेजारचे देश गप्प बसलेले असताना तिथे रेडिओवरून, ढोल वाजवून, गावच्या बैठकांतून एड्सबद्दल बोललं जाऊ लागलं. ‘झिरो ग्रेझिंग’ ही घोषणा गुरं राखणाऱ्या लोकांना समजावून सांगावी लागली नाही: गोठ्यातच खा, बाहेर चरायला जाऊ नका. १९८७ मध्ये नोएरीन कालीबा या फिजिओथेरपिस्ट बाईंनी, ज्यांचा नवरा त्याच वर्षी एड्सने गेला होता, काही सोबत्यांना घेऊन ‘टासो’ ही संस्था काढली. औषध नव्हतंच. टासोचे लोक घरी जाऊन रुग्णाला अंघोळ घालायचे, जखमा धुवायचे, घरच्यांशी बोलायचे. पुढे औषधं आली तेव्हा घरोघर जाण्याची ही सवय फार कामाला आली.

१९९६ मध्ये तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबून राहतो हे सिद्ध झालं आणि श्रीमंत देशांत एड्सचे वॉर्ड रिकामे होऊ लागले. वर्षाचा खर्च होता १०,००० डॉलरच्या वर. आफ्रिकेतल्या खेड्यांना हे औषध का देता येणार नाही, याची कारणं मग शोधून शोधून दिली जाऊ लागली. रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत, प्रयोगशाळा नाहीत. अमेरिकेच्या मदतसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सियोस यांनी २००१ मध्ये कडी केली: आफ्रिकेतल्या अनेकांनी आयुष्यात घड्याळ पाहिलेलं नाही, ते वेळेवर गोळ्या कशा घेणार, अशा अर्थाचं ते बोलले. पाच वर्षांनी बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा गोळ्यांत खाडा न पाडण्याचं प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के निघालं. घड्याळं कुणाकडे जास्त होती हे सांगायला नकोच.

किमतीची कोंडी फुटली ती मुंबईतून. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळायचं, म्हणून हे शक्य झालं. सिप्लाने तिन्ही औषधं एकाच गोळीत बसवली. सकाळी एक, संध्याकाळी एक. आकडा गाजला तो ३५० चा, पण गावपातळीवर खरा फरक या एका गोळीने पडला असं मला वाटतं. डबा एकच, हिशेब सोपा, आणि ती द्यायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वस्त औषधं आणू देणाऱ्या कायद्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर खटला भरणाऱ्या ३९ औषध कंपन्यांनी तो मागे घेतला. २००२ मध्ये एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी पैसा देणारा ग्लोबल फंड सुरू झाला. जानेवारी २००३ मध्ये बुश यांनी परदेशांतल्या एड्स-उपचारांसाठी पाच वर्षांची, १५ अब्ज डॉलरची ‘पेपफार’ योजना जाहीर केली.

खटला टळूनही दक्षिण आफ्रिकेने आणखी काही वर्षं वाया घालवली. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच मान्य नव्हतं आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबाची भलामण करत होत्या. बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदर बायकांना नेव्हिरॅपिन हे औषध देण्यासाठी २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाला आदेश काढावा लागला. या दिरंगाईने ३,३०,००० हून अधिक जीव गेले असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे.

पैसा आणि औषध आल्यावर खरी अडचण उघडी पडली: द्यायचं कुणी? ईस्टर्न केपमधला लुसिकिसिकी हा म्बेकींच्याच देशातला, त्याच खाणमजुरांच्या मुलखातला भाग. दीड लाखाची वस्ती, एक इस्पितळ, बारा दवाखाने आणि डॉक्टरांचा दुष्काळ. २००३ पासून तिथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा हा गोळ्यांचा उपचार, इस्पितळाबाहेर काढून दवाखान्यांतल्या नर्सकडे दिली. समुपदेशन, गोळ्या मोजणं अशी कामं गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडे गेली. त्यांतले बरेच स्वतः गोळ्या खाणारे होते. २००६ पर्यंत सुमारे २,२०० लोक उपचारावर आले, आणि उपचार अर्धवट सोडून गायब होणाऱ्यांचं प्रमाण इस्पितळापेक्षा दवाखान्यांत कितीतरी कमी निघालं. घराजवळ मिळतं, ओळखीची नर्स देते, मजुरी बुडत नाही. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी ते कागदावर सिद्ध करावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये डॉक्टरांची कामं नर्सकडे आणि नर्सची गावातल्या कार्यकर्त्यांकडे सोपवण्याबद्दल मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

युगांडात जिंजाला टासोने आणखी एक पायरी उतरून पाहिलं. आपल्याकडच्या आशाताईंसारखे प्रशिक्षित कार्यकर्ते, फक्त मोटरसायकलवर, दर महिन्याला घरी जाऊन गोळ्या द्यायचे, काही त्रास आहे का विचारायचे, गंभीर वाटलं तर दवाखान्यात पाठवायचे. २००९ मध्ये निकाल आला: या रुग्णांची तब्येत दवाखान्यात येणाऱ्यांइतकीच चांगली होती, आणि रुग्णाचा स्वतःचा खर्च बराच वाचला होता.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मोझांबिकच्या टेटे प्रांतातला प्रकार. तिथे दवाखाना दूर, दर महिन्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून लोक गोळ्या सोडत होते. २००८ मध्ये शेजारपाजारचे सहापर्यंत रुग्ण एकत्र येऊन गट करू लागले. महिन्याची गोळ्यांची वेळ आली की सगळे कुणाच्या तरी घरी जमतात. उरलेल्या गोळ्या एकमेकांसमोर मोजतात, कार्डावर लिहितात. मग ज्याची पाळी तो सहाही जणांची कार्डं घेऊन निघतो. दवाखान्यात तो प्रत्येकाची खबर देतो, सगळ्यांच्या गोळ्या घेतो, आणि आलोच आहे तर स्वतःची तपासणी करून घेतो, रक्त देतो. सहा जण, सहा महिने: प्रत्येकाची नर्सशी भेट वर्षातून दोनदा आपोआप होते. पहिल्या २९१ गटांतल्या १,३८४ जणांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक उपचारावर टिकले. गोळ्या मोजायला बसलेल्या शेजाऱ्यांपुढे खाडा लपवणं अवघड असतं, हेही त्याचं एक कारण असावं. अर्थात ज्याला आपली लागण शेजाऱ्याला कळू द्यायची नाही, त्याला हा गट उपयोगाचा नाही.

मलावीने २०११ मध्ये तपासण्यांची अटच काढून टाकली. तोवर उपचार सुरू करायचा की नाही हे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी मोजणाऱ्या सीडी-४ चाचणीवर ठरायचं, आणि खेड्यातल्या बहुतेक दवाखान्यांत ते यंत्र नव्हतं. सरकारने ठरवलं की गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई पॉझिटिव्ह निघाली की त्याच दिवसापासून जन्मभराचा उपचार. तिमाहीला १,२५७ बायका उपचार सुरू करायच्या, त्या वर्ष-सव्वा वर्षात १०,६६३ झाल्या. मोठ्या संस्थांनी आधी भुवया उंचावल्या आणि २०१३ मध्ये तीच शिफारस जगाला केली.

प्रतिबंधाचा रस्ता जास्त खडतर होता. पुरुषांच्या सुंतेने त्यांना होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटते हे दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि राकाई इथल्या चाचण्यांनी २००५-०६ मध्ये दाखवलं. २०११ मध्ये आलेल्या एका चाचणीने (तिच्या केंद्रांत आपलं पुणंही होतं) सिद्ध केलं की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. मग सगळ्यांनाच लगेच गोळ्या दिल्या तर साथ विझेल, असा हिशेब मांडला गेला. तो तपासायला युगांडा आणि केनियातल्या ३२ ग्रामीण वस्त्यांत ‘सर्च’ हा मोठा प्रयोग झाला. मंडप टाकून दोन आठवडे आरोग्य मेळावा, त्यात रक्तदाब, मधुमेह, मलेरिया यांच्या रांगेतच एचआयव्हीची तपासणी. म्हणजे मंडपात कोण कशासाठी आलं हे बघणाऱ्याला कळायचं नाही. जवळपास ९० टक्के प्रौढांची तपासणी झाली. लगेच उपचार दिलेल्या गावांत नव्या लागणी तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरल्या, पण तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी फरक फारसा दिसला नाही, कारण तोवर सरकारी धोरणाने तुलनेच्या गावांतही सगळ्यांना उपचार सुरू केले होते.

तरुण मुली मात्र या सगळ्यातून निसटत राहिल्या. वुलिंडलेला या क्वाझुलू-नाताळमधल्या ग्रामीण भागात आणि डर्बनमध्ये कुराइशा आणि सलीम अब्दुल करीम यांनी लागण टाळण्यासाठी टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्याच औषधाचं जेल तपासलं. २०१० मध्ये लागण ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं आणि आशा वाढली. पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही. बायका जेल आणि लागण टाळण्याच्या गोळ्या वापरतच नव्हत्या. निरोगी मुलीने एचआयव्हीची गोळी रोज घ्यायची आणि ती आईच्या, नवऱ्याच्या नजरेआड ठेवायची, हे सांगायला सोपं असतं. म्हणून २०२४ चा निकाल इतका गाजला: दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुणींना वर्षातून दोनदा लेनाकापाविरचं इंजेक्शन दिलं गेलं आणि एकीलाही लागण झाली नाही. जेनेरिक बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याशी झालेल्या करारांनुसार २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये मिळायचं आहे.

पण हे औषध शेजाऱ्याने पिशवीत घालून आणण्यासारखं नाही. ते पोटाच्या कातडीखाली टोचावं लागतं, म्हणजे काम पुन्हा प्रशिक्षित हाताकडे येतं. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदान एक धोंड बाजूला केली: आधीच्या तपासणीसाठी साधी रॅपिड टेस्ट पुरे, प्रयोगशाळेची गरज नाही. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली होती. मोझांबिक, मलावी, युगांडातल्या कितीतरी समुपदेशकांचा, गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचा पगार त्याच पैशातून निघत होता. त्यांतल्या बऱ्याच जणांना फेब्रुवारीपासून घरी बसावं लागलं.