सूत्र हललं, ओळ विस्कटली: पान जुळवण्यामागचं गणित

प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचे दिवस आले की बेळगावात उद्यमबाग, माच्छे भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांत इंजिनिअरिंगच्या पोरांची झुंबड उडते. स्पायरल बाइंडिंगला द्यायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात येतं, की अनुक्रमणिकेत तिसरं प्रकरण २१व्या पानावर आहे आणि प्रत्यक्षात २३व्या. मध्ये एक आकृती घुसवली, तिथून पुढचे सगळे आकडे घसरले. तिकडे खानापूर-निपाणीकडे मराठी माध्यमाच्या शाळेत गणिताचे सर प्रश्नपत्रिका करत असतात. वर शाळेचं नाव कन्नडमध्ये, खाली प्रश्न मराठीत, मधे वर्गमूळ. एक शब्द वाढवला की वर्गमूळ पुढच्या ओळीत जातं आणि कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

दोन्हीकडे मूळ दुखणं एकच. मजकूर काय आहे आणि तो कसा दिसावा, हे आपण एकाच दमात ठरवत बसतो. खुणांवर चालणाऱ्या अक्षरजुळणीत तसं करायचं नसतं. साध्या मजकुरात फक्त खूण करायची: हे प्रकरणाचं नाव, हे सूत्र, हा आकृती ४ चा उल्लेख. क्रमांक, पानं, अंतरं हा प्रोग्रामचा हिशोब. आकृती मधे घातली तर उल्लेखातला आकडा आपोआप बदलतो.

याचं मूळ १९७७ सालातलं. स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. शिशाच्या खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने जुळवलेली ती पानं त्यांना इतकी बेढब वाटली, की लिहायचं बाजूला ठेवून त्यांनी ‘टेक’ हा प्रोग्रामच लिहायला घेतला. वर्षभरात उरकेल म्हणून हाती घेतलेल्या कामाला दहा वर्षं पुरली. टेकमध्ये दुरुस्ती झाली की आवृत्तीचा आकडा ‘पाय’च्या (π) किमतीकडे एक अंक सरकतो. तो आता ३.१४१५९२६५३ पर्यंत आलाय. गणितज्ञांचा विनोद, दुसरं काय! पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर सोप्या आज्ञांचा थर चढवला, तो ‘लाटेक’.

टेकचं खरं कसब परिच्छेदाच्या ओळी पाडण्यात आहे. साधा वर्ड प्रोसेसर ओळ भरेल तेवढे शब्द घेतो आणि पुढच्या ओळीला लागतो. पंगतीत आधीची रांग गच्च बसवून उरलेल्यांना पुढे ढकलावं, तसं. टेक आधी सगळा मांडव बघतं. शब्दांमधली जागा किती ताणता येईल, किती आवळता येईल, याची मर्यादा ठरलेली असते. जागा त्या मर्यादेइतकी ताणली तर ओळीला १०० दोष, दुप्पट ताणली तर ८००, कारण दोष ताणाच्या घनाने वाढतो. सगळ्या ओळी धरून ज्या मांडणीचा एकूण भुर्दंड सर्वांत कमी, ती निवडायची. साठ शब्दांच्या परिच्छेदात ५९ फटी असतात. प्रत्येक फटीत ओळ तोडायची की नाही, असे पर्याय मोजले तर २ चा ५९वा घात होतो. पण दर फटीपर्यंत पोचण्याची फक्त उत्तम वाट लक्षात ठेवली तर काम डोळ्यांचं पातं लवायच्या आत होतं. कनूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी ही रीत १९८१ साली प्रसिद्ध केली.

माझ्या मते या हिशोबाची गरज इंग्रजीपेक्षा आपल्याला जास्त आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात, कन्नडमध्येही तेच. ‘प्रकाशसंश्लेषणामुळे’सारखा शब्द अरुंद स्तंभात आला की तो खाली जातो आणि वरच्या ओळीत भगदाडं पडतात. अक्षरं थोडी फाकवून ती बुजवावीत, तर देवनागरीची शिरोरेषा तुटते. ताणायला उरते ती फक्त शब्दांमधली जागा, म्हणून तिचा हिशोब पूर्ण परिच्छेदावर व्हायला हवा.

देवनागरी मात्र टेकला जन्मतः येत नव्हती. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थहाउस यांनी सोय केली, पण मराठी रोमन लिपीत टाइप करून आधी दुसऱ्या एका प्रोग्राममधून काढावं लागे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, समजणारं टेकचं रूप ‘झीटेक’ २००४ साली आलं, तेव्हा ‘दऱ्या’ सरळ ‘दऱ्या’ म्हणून टाइप करता येऊ लागलं.

आणि आता ‘टाइप्स्ट’, खुणांवरच चालणारा नवा प्रोग्राम. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातले लॉरेन्झ मेड्ये आणि मार्टिन हाउग यांनी ते रचलं आणि २०२३च्या मार्चमध्ये सर्वांसाठी खुलं केलं. लाटेकमध्ये अपूर्णांकासाठी उलटी तिरकी रेघ, आज्ञेचं नाव आणि महिरपी कंसांच्या दोन जोड्या लागतात. इथे नुसतं ‘(अ + ब)/क’ लिहिलं की पुरे, कंस गायब होऊन अंश वर, छेद खाली. बदल केला तर बदललेला भागच नव्याने जुळवला जातो, त्यामुळे पान टाइप करता करता समोर दिसतं. भाषा मराठी आहे असं एका ओळीत सांगितलं, तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे उमटतात. फॉन्टांच्या यादीत आधी देवनागरी, मग कन्नड लिहून ठेवायचा. पहिल्यात अक्षर नसेल तर दुसऱ्यातून घेतलं जातं आणि चौकोनांचा त्रास संपतो.

संशोधन-नियतकालिकांना पेपर पाठवणाऱ्यांनी मात्र लाटेकच शिकावं. बहुतेकांचे तयार साचे त्यातच असतात. शाळेच्या प्रश्नपत्रिकेला, टिपणांना मी डोळे मिटून टाइप्स्ट सुचवेन.

जुन्या डीटीपी फॉन्टांत टाइप केलेलं मॅटर यांपैकी कशातही थेट ओतू नका. त्यात ‘क’च्या जागी आतून कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह बसलेलं असतं, फक्त फॉन्टने मराठी मुखवटा चढवलेला असतो. आधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांखालून घाला. रूपांतरात पहिला घोळ तिथेच होतो.