गृहसाहाय्यक रोबॉट

घरात हिंडून वस्तू उचलणे, आणून देणे, दार किंवा खण उघडणे, पांघरूण सारखे करणे अशा रोजच्या कामांत माणसाला, विशेषतः वृद्ध आणि अपंग व्यक्तींना, मदत करणारे यंत्र. चाकांवरचा पाया, निदान एक हात, त्याच्या टोकाला पकड आणि भोवतालचे टिपण्यासाठी कॅमेरे व लेसर-संवेदक असले की ते या वर्गात धरले जाते. २००२ पासून बाजारात असलेला रूम्बा घरभर फिरून केर काढतो, पण त्याला हात नसल्याने तो येथे मोडत नाही. मराठीत रोबॉटला ‘यंत्रमानव’ म्हणण्याची रीत आहे. या विषयात मात्र तो शब्द फसवा आहे, कारण अपंगांच्या घरात प्रत्यक्ष उपयोगी पडलेल्या यंत्रांचे माणसाशी फारसे साम्य नाही.

स्वतः विचार करून हालचाल ठरवणारा पहिला फिरता रोबॉट ‘शेकी’ कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात घडला. तो खोल्यांमधून वाट काढी आणि ठोकळे ढकली. उचलणे त्याला जमत नसे. मार्ग शोधण्याची त्याच्यासाठी तयार झालेली ‘ए-स्टार’ ही रीत (१९६८) आजही वापरात आहे. पुढची वाटचाल अपेक्षेपेक्षा फार संथ झाली. त्याचे कारण रोबॉटशास्त्रज्ञ हॅन्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्ये नेमके मांडले: संगणकाला पटावरच्या खेळात प्रौढ माणसाची बरोबरी करायला लावणे तुलनेने सोपे, पण वर्षभराच्या मुलाचे पाहण्याचे आणि हिंडण्याफिरण्याचे कौशल्य त्याच्यात उतरवणे अतिशय कठीण. टेबलावरचा पेला उचलताना माणूस ज्या शेकडो गोष्टी नकळत करतो, त्या यंत्राला एकेक करून शिकवाव्या लागतात. त्यात काचेचा पारदर्शक पेला अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याला धड दिसतही नाही, कारण कॅमेऱ्याचे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण काचेतून आरपार निघून जातात.

युरोपात श्टुटगार्टच्या फ्राउनहोफर संस्थेने ‘केअर-ओ-बॉट’ची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आणि चौथी २०१५ मध्ये सादर केली, जपानमध्ये टोयोटाने २०१२ मध्ये एका हाताचा ‘एचएसआर’ पुढे आणला. संशोधनावर सर्वाधिक ठसा उमटला तो कॅलिफोर्नियातील विलो गॅरेज या कंपनीच्या ‘पीआर-२’चा. त्याचा पूर्वावतार ‘पीआर-१’ स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाला होता आणि त्याने दिवाणखाना आवरून दाखवला होता. मात्र त्या वेळी त्याला दुरून माणूस चालवत होता. यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे घरकामाला पुरेल असे शरीर तयार होते आणि उणीव होती ती ते चालवणाऱ्या प्रणालीची. कंपनीने २०१० मध्ये अकरा पीआर-२ निरनिराळ्या संशोधनसंस्थांना वापरायला दिले आणि ‘आरओएस’ ही रोबॉटची सॉफ्टवेअर-चौकट सर्वांना खुली ठेवली. त्याच वर्षी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी पीआर-२ कडून पन्नास टॉवेलांच्या घड्या घालून घेतल्या. पन्नासही जमल्या, पण एका टॉवेलाला सरासरी सुमारे पंचवीस मिनिटे लागली. चार लाख डॉलर किमतीचे आणि दोनशे किलोहून जड असे हे यंत्र कोणाच्या घरी नांदणे शक्यच नव्हते.

तरीही ते एका माणसाच्या उपयोगी पडले. पक्षाघातामुळे हातपाय आणि वाचा गमावलेले हेन्री एव्हान्स यांनी २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर पीआर-२ पाहिला आणि संशोधकांशी संपर्क साधला. विलो गॅरेज आणि जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातील संशोधक चार्ली केम्प यांच्या गटासह सुरू झालेल्या या उपक्रमात एव्हान्स मानेच्या हालचालींवर चालणाऱ्या माउसने रोबॉट हलवीत. त्यांनी यंत्राकडून प्रथम करवून घेतलेल्या कामांत दाढी करणे आणि चेहऱ्यावरची खाज शमवणे ही होती. प्रयोगशाळेच्या यादीत खाजेला क्वचितच जागा मिळाली असती. ज्याला स्वतःचा हात गालापर्यंत नेता येत नाही, त्यालाच ती सुचते. केम्प यांच्या गटाने २००८ मध्ये ‘एल-ई’ हा रोबॉट केला, तेव्हाही अशीच व्यवहारी वाट धरली होती. वापरणाऱ्याने लेसरचा ठिपका वस्तूवर टाकायचा आणि रोबॉटने ती आणायची. दाराच्या मुठीला टॉवेल बांधून तो ओढण्याची युक्ती तर अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांकडून घेतलेली.

या अनुभवातून ‘स्ट्रेच’ आला. केम्प आणि रोबॉट-अभियंते ॲरन एडसिंगर यांनी २०१७ मध्ये हॅलो रोबॉट ही कंपनी काढली आणि २०२० मध्ये सुमारे २३ किलो वजनाचा, १७,९५० डॉलर किमतीचा हा रोबॉट बाजारात आणला. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जेमतेम हातभर रुंदीच्या पायावर एक उभा खांब आहे. त्यावर हात लिफ्टसारखा वरखाली सरकतो आणि एकात एक बसलेल्या नळ्यांमधून दुर्बिणीसारखा आडवा बाहेर येतो. कोपर नाहीच. पुढेमागे जायचे तर चाके, वरखाली जायचे तर खांब, आतबाहेर जायचे तर नळ्या, अशी तिन्ही दिशांची वाटणी झाल्याने खुर्चीत किंवा पलंगावर बसलेल्या माणसाला पडद्यावरच्या बाणांनीही तो चालवता येतो. पकड म्हणजे उंचावरची वस्तू काढायच्या चिमट्याची सुधारलेली आवृत्ती असून तिच्या टोकांना रबरी वाट्या आहेत. हलका असल्यामुळे आणि हात कशाला अडला तर मोटारींवरच्या भारातून ते ओळखत असल्यामुळे तो माणसाच्या अगदी जवळ वावरू शकतो. एव्हान्स यांच्या घरीही पुढे तो वापरून पाहण्यात आला. अर्थात त्याच्या मर्यादाही रचनेतूनच येतात: उचलण्याची क्षमता दीड-दोन किलोंची, म्हणजे पाण्याची भरलेली कळशी नव्हे तर तांब्या, आणि लहान चाकांना उंबरठा ओलांडणे अवघड.

अलीकडे काम नियमांत बसवून सांगण्याऐवजी दाखवून शिकवण्याकडे कल आहे. स्टॅनफर्डमध्ये २०२४ च्या आरंभी सादर झालेल्या ‘मोबाइल अलोहा’ या प्रणालीत शिकवणारा दोन हातांच्या रोबॉटला जोडून उभा राहतो आणि स्वतःच्या हातांनी त्याचे हात चालवतो. एकेका कामाच्या जास्तीत जास्त पन्नास वेळच्या नोंदींवरून कोळंबी परतण्यासारखी कामे रोबॉटला काही वेळा एकट्याने जमू लागली. मात्र कढई, ओटा किंवा प्रकाश बदलला की अशा शिकवणीचा भरवसा किती, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

माणसाच्या जवळ काम करणाऱ्या अशा यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी २०१४ मध्ये आयएसओ १३४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. खासगीपणाचा प्रश्न त्याने मिटत नाही. वन-एक्स कंपनीने २०२५ मध्ये वीस हजार डॉलरना विक्रीस काढलेला, माणसाच्या आकाराचा ‘निओ’ एखादे काम स्वतः जमत नसेल, तर कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून दुरून चालवला जाऊ शकतो. एव्हान्स पलंगावर पडून स्वतःच्याच खोलीतला रोबॉट हलवीत होते. येथे परका माणूस रोबॉटच्या डोळ्यांनी घर पाहत असतो आणि त्याला कोणत्या खोलीत येऊ द्यायचे, हे घरच्यांना आधी ठरवावे लागते.