खून झाल्यावर विचारायचं, 'तुला कल्पना होती ना?'

चाकू एकाने चालवला, पण खुनाची जन्मठेप बरोबरच्या तिघाचौघांनाही झाली, असे खटले इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं चालले. 1984 साली, तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगच्या एका खटल्यात नियम पक्का झाला: गुन्ह्यात सामील असलेल्याला 'साथीदार कदाचित जीवही घेईल' एवढी कल्पना असली तरी तोही खुनी. 18 फेब्रुवारी 2016 रोजी जोगी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम चुकीचा ठरवला. कल्पना असणं हा इराद्याचा पुरावा ठरू शकतो, पण तो इरादा नव्हे.

मला यात मेंदूचं काम महत्त्वाचं वाटतं. आरोपीला आधी काय दिसत होतं, हे ठरवायला बसलेल्या ज्युरीला शेवट माहीत असतो.

1975 मध्ये बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन काही जणांना वाचायला दिलं. कुणाला सांगितलं की इंग्रज जिंकले, कुणाला की गुरखे, कुणाला की बरोबरी झाली. एका गटाला काहीच सांगितलं नाही. मग विचारलं, निकाल माहीत नसता तर कशाची शक्यता किती धरली असती? सांगितलेला निकाल, मग तो खोटा का असेना, ज्याला त्याला आधीपासूनच जास्त संभवनीय वाटला. कारण निकाल कळला की त्याच्याशी जुळणारे तपशील ठळक होतात, न जुळणारे मागे पडतात, आणि याच बदललेल्या मांडणीतून आपण 'आधीचा' अंदाज नव्याने रचतो. मूळ अंदाज वेगळा जपलेला नसतोच. निकाल विसरून विचार करा, अशी ताकीद देऊनही फारसा फरक पडत नाही. वेगळा शेवट का होऊ शकला असता याची कारणं शोधायला लावलं, तर निकालाचा हा प्रभाव थोडा कमी होतो.

निवडणुकीनंतर 'मी सांगितलंच होतं' म्हणणाऱ्या ज्योतिषांचा धंदा यावरच चालतो. त्यांचं भाकीत आधी लिहून, तारीख घालून घ्या. मग बघा किती उरतं.

आपल्याकडेही बेकायदेशीर जमावाच्या कलमात (पूर्वीचं 149, आता न्याय संहितेचं 190) 'घडण्याचा संभव आहे हे माहीत होतं' ही कसोटी आहेच.

जोगी निकालानंतरही जुन्या शिक्षा आपोआप रद्द झाल्या नाहीत. मुदत उलटलेल्या अपिलात 'मोठा अन्याय' झाल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे योग्य नियम असता तर निकाल बदलला असता का, याचं उत्तर पुन्हा निकाल माहीत असलेल्यांनीच द्यायचं. 2018 मध्ये घरफोडीच्या एका प्रकरणात खुनाची शिक्षा रद्द झाली. जीवघेणा ठोसा साथीदाराने मारला होता. पण बहुतेकांची अपिलं फेटाळली गेली.

अशी प्रकरणं अपील न्यायालयाकडे पाठवू शकणारा फेरतपासणी आयोग बर्मिंगहॅममध्ये 1997 पासून आहे. काही न्यायवैद्यक प्रयोगशाळा ठसे जुळवणाऱ्यापासून बाकीचा तपशील लपवून ठेवतात. आयोगानेही तसंच करावं: घटनेपूर्वीचे मेसेज आणि कॅमेऱ्याचं चित्रण शेवट माहीत नसलेल्या माणसाला द्यावं, आणि पुढे काय होईल असं वाटतं ते त्याच्याकडून आधी लिहून घ्यावं.