पैलवानाच्या पुण्यतिथीला मैदान का भरतं?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या गावांत तालमीचा जुना वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारा गुरू, गेला की वर्षश्राद्धाच्या सुमारास बहुतेक वेळा कुस्त्यांचं मैदान ठरतं. हलगी कडाडते, घरच्यांना फेटे बांधतात, आणि मोठ्या जोडी लागण्याआधी सात-आठ वर्षांची पोरं रेवड्यांवर लढतात. गेलेल्या माणसाचा मान असा का करतात, हे कळायला तालमीचा हिशेब बघावा लागतो.

पैलवान नुसत्या घरच्या भाकरीवर होत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हताच. संस्थानी काळात तो भार दरबाराने उचलला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तालमी पोसल्या. 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं आणि सीमेवरच्या पोरांनाही कोल्हापूरची ओढ लागली. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं, राजाश्रय आटला. मग गावची वर्गणी, जत्रा कमिटी, पुढे साखर कारखान्यांचं मानधन.

गावाने पोसलेल्या पैलवानाने लंगोट उतरवल्यावर गावासाठी राबायचं, हे न सांगता ठरलेलं असतं. पहाटे तालीम उघडायची, हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती खणून तिच्यात ताक, तेल, हळद कालवायची, पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या. फी कोण मागतो! जत्रेत जोडी ठरवणं, बांधाच्या भांडणात मध्ये पडणं, गणपतीच्या मिरवणुकीत तापलेली पोरं आवरणं, हेही त्याच्याकडेच.

याचं ठळक उदाहरण चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे. 1959 मध्ये पैलवान बंतासिंगला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले; हा देशपातळीवरचा कुस्तीचा किताब. तोवर त्यांचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं, पण तालीम कोल्हापूरचीच राहिली. डिसेंबर 2020 मध्ये ते गेले. कुस्ती थांबवल्यावरही त्यांनी कोल्हापुरात नवे पैलवान घडवले. सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांचं नाव आपलं म्हणून घेतात.

उलट बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंचं बघा. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने 1920 मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूत ते होते आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. एवढी मोठी गोष्ट, तरी गावोगाव त्यांचं नाव पैलवानांइतकं निघत नाही. माझ्या मते कारण साधं आहे. धावणाऱ्याला तालीम नसते, म्हणजे पुण्यतिथी धरून ठेवणारे चेलेही नसतात.

आता मैदानाचं रूप पालटलंय. सकाळी रक्तदान शिबिर, शाळेत वह्यावाटप, संध्याकाळी कुस्त्या. हे चांगलंच. पण फलकावर वस्तादापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे, आणि सगळी वर्गणी शेवटच्या एका जोडीच्या इनामात जाते. त्यातला निम्मा पैसा तालमीतल्या पोरांच्या वर्षभराच्या दुधाला लावावा; वस्तादाने स्वतः तेच सांगितलं असतं.