एटी हिलेसमच्या वह्या: भाजीच्या दुकानापासून वेस्टरबोर्कपर्यंत

जून १९४२ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये राहणारी अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी आपल्या वहीत नव्या निर्बंधांची नोंद करते. ज्यूंना यापुढे भाजीच्या दुकानात जाता येणार नाही. सायकली लवकरच जमा कराव्या लागतील. ट्राममध्ये चढायचं नाही, रात्री आठच्या आत घरात हवं. त्याच महिन्यात ती एका सकाळी सायकलवरून कालव्याकाठच्या रस्त्याने रमतगमत जाते. ज्यूंना मोकळ्या रानात आणि पायवाटांवर मज्जाव करणाऱ्या पाट्या तिला दिसतात. आपल्यासाठी उरलेल्या त्या चिंचोळ्या वाटेवरही आभाळ मात्र अख्खं आहे, असं ती घरी येऊन लिहिते.

ही एटी हिलेसम. मराठी वाचकाला ॲन फ्रँक शाळेपासून ठाऊक असते, तिच्याच शहरातली ही दुसरी डायरीवाली मात्र फारशी माहीत नाही. तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, ॲनला वही मिळाली तेव्हा एटी सव्वा वर्षापासून लिहीत होती. दोघी एकमेकींना ओळखत असल्याचा पुरावा नाही. लपून बसण्याचा प्रश्न दोघींसमोर एकाच उन्हाळ्यात आला आणि दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. तो भाग पुढे येईलच. त्याआधी या वह्या सुरू कशा झाल्या ते पाहू, कारण त्यांची सुरुवात युद्धामुळे झालेली नाही.

एटीचा (एस्थरचा) जन्म १५ जानेवारी १९१४ चा, नेदरलँड्सच्या मिडलबर्ग गावातला. वडील लेवी हिलेसम ग्रीक-लॅटिनचे शिक्षक, पुढे डेव्हेंटरच्या शाळेचे मुख्याध्यापक. शांत, पुस्तकांत बुडालेले. आई रीवा रशियातली, ज्यूंवरच्या हल्ल्यांमुळे पळून आलेली, आणि स्वभावाने वादळी. धाकटे दोघे भाऊ विलक्षण हुशार: याप डॉक्टर, मिशा पियानोवादक. दोघांनाही मानसिक आजारांनी गाठलं. आपल्या रक्तातच काहीतरी बिघाड आहे, ही भीती एटीला कायम होती. घराबद्दल तिने कौतुकाने लिहिलेलं फार थोडं सापडतं.

१९३२ मध्ये ती ॲम्स्टरडॅमला शिकायला आली. कायद्याची पदवी घेतली, पण मन रमलं ते रशियन भाषेत. १९३७ पासून गाब्रिएल मेत्सुस्ट्राट या रस्त्यावरच्या ६ क्रमांकाच्या घरात खोली मिळाली. घरमालक हान वेगेरिफ विधुर, ज्यू नसलेला, वयाने तिच्या वडिलांच्या बरोबरीचा. एटी त्याचं घर सांभाळायची आणि त्याच्यासोबत तिचं प्रेमप्रकरणही होतं. घरात त्याचा मुलगा, एक विद्यार्थी आणि स्वयंपाकघर बघणारी एक जर्मन बाई असा गोतावळा. शिकवण्या रशियनच्या, लेखनाचं टेबल खिडकीपाशी.

फेब्रुवारी १९४१ मध्ये तिची गाठ पडली युलिउस श्पीरशी. हा बर्लिनहून परागंदा झालेला ज्यू गृहस्थ, वय त्रेपन्न, पूर्वी व्यापारात मुरलेला, मग मानसशास्त्रज्ञ युंगकडे शिकून मानसोपचाराकडे वळलेला. त्याचं निदान व्हायचं तळहातावरून! आपल्याकडे हात बघणारे भविष्य सांगतात, हा स्वभाव सांगायचा. उपचारात रुग्णाशी कुस्ती खेळणंही बसत होतं. आजच्या कुठल्याही समुपदेशकाची यावर नोंदणी रद्द झाली असती आणि ते योग्यच झालं असतं. एटी त्याची रुग्ण झाली, मग सहायक, मग प्रेयसी. मनातला गोंधळ निस्तरायला लिहिणं हा याच उपचाराचा भाग होता. ८ मार्च १९४१ रोजी तिने पहिली वही उघडली, तीही श्पीरला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्याने.

म्हणजे वह्या सुरू झाल्या त्या डोकेदुखी, पोटदुखी, ॲस्पिरिन, मत्सर आणि आळस यांच्यावर उतारा म्हणून. मे १९४० मध्ये जर्मनीने देश व्यापला होता. नोव्हेंबर १९४० मध्ये ज्यू सरकारी नोकर आणि शिक्षक घरी बसवले गेले, त्यात तिचे वडीलही होते. फेब्रुवारी १९४१ च्या शेवटी, ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध ॲम्स्टरडॅमच्या कामगारांनी मोठा संप केला. तो मोडून काढल्याला दोन आठवडेही झाले नव्हते. इतकं होऊनही पहिल्या पानांवर युद्ध कडेकडेनेच येतं.

आत येतं ते घरातल्या बोलण्यांतून. १५ मार्च १९४१ च्या नोंदीत ती जर्मनांच्या द्वेषाबद्दल लिहिते. एकच सभ्य जर्मन उरला असेल, तरी त्या एकासाठी साऱ्या राष्ट्रावर द्वेष ओतता येणार नाही, असा तिचा मुद्दा. वाचताना हे कुणी व्यासपीठावरून बोलतंय असं वाटू शकतं. पण स्वयंपाकघरात रोज एक जर्मन बाई भांडी घासत होती, हे लक्षात घेतलं की त्या वाक्याला घरचा वास येतो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीत एक तरुण अधिकारी तिच्यावर खेकसला. एटी घाबरली नाही. याचं बालपण वाईट गेलं असेल का, याला एखाद्या मुलीने सोडलं असेल का, असं विचारावंसं वाटलं, असं ती लिहिते. हा तिचा ठरलेला मार्ग: जगाचा प्रश्न आला की तो एका माणसाच्या अंगावर तपासायचा, आणि तो माणूस बहुधा स्वतःच असायचा.

डिसेंबर १९४१ मध्ये ती गरोदर राहिली आणि तिने घरच्या घरी गर्भपात करून घेतला. गरम पाणी, क्विनीन, भीती, सगळं वहीत आहे. या जगात तुला आणणार नाही, असं ती त्या न जन्मलेल्या जिवाला सांगते. त्यामागे युद्ध होतं, तसाच घराण्यातला आजारही. तिला संत ठरवणारे या पानांवरून घाईने पुढे जातात. मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटतात.

१९४२ च्या मे महिन्यात ज्यूंनी कपड्यांवर लावायचा पिवळा तारा आला. मग निर्बंधांची रांग लागली. ट्राम बंद झाल्याने चालून चालून पायाला फोड येतात, ते वहीत उतरतं. इथून पुढे तिचं रोजचं जगणं आणि जगाची संकटं वेगवेगळी काढताच येत नाहीत, आणि याचं श्रेय तिच्या प्रतिभेइतकंच त्या हुकुमांना द्यावं लागतं. भाजी कुठे घ्यायची, औषध कुठे मिळेल, मैत्रिणीकडून किती वाजता निघायचं, हे ठरवणारी सत्ता वहीबाहेर राहील कशी? ३ जुलै १९४२ रोजी तिने स्पष्ट लिहिलं की त्यांना आपला समूळ नाश हवा आहे आणि हे आता धरून चालायला हवं. शहरातले बहुतेक लोक तेव्हा कामाच्या छावण्यांची भाषा बोलत होते.

त्याच आठवड्यात, ५ जुलैला, ॲनच्या बहिणीला, मार्गोटला, जर्मनीत कामाला हजर होण्याची नोटीस आली आणि ६ तारखेला फ्रँक कुटुंब लपलं. एटीलाही मित्रांनी जागा देऊ केल्या. लेखक क्लास स्मेलिक याने तर तिला जबरदस्तीने पळवून न्यायचाही प्रयत्न केला. तिने ऐकलं नाही. आपल्या लोकांच्या वाट्याला येईल ते आपल्याही, हे तिचं म्हणणं. त्या दिवसांत ती पाठपिशवी मनातल्या मनात भरत होती: बायबल, जर्मन भाषेतला कवी रिल्के याची दोन पुस्तकं, भाषा विसरू नये म्हणून छोटे रशियन शब्दकोश.

जुलैच्या मध्यावर ओळखीने ज्यू कौन्सिलच्या कचेरीत नोकरी मिळाली. हे कौन्सिल जर्मनांच्या हुकमाने चालायचं, आणि तिथल्या नोकरीने तूर्त हद्दपारी टळायची. एटीला तिथे क्षणभर बरं वाटलं नाही. मूठभर ज्यू बहुसंख्य ज्यूंना रवाना करायला हातभार लावत आहेत, याची भरपाई कशानेही होणार नाही, हे तिने त्याच महिन्यात लिहून ठेवलं. पंधरा दिवसांतच तिने वेस्टरबोर्कला बदली मागून घेतली.

वेस्टरबोर्कचा इतिहास कडवट आहे. १९३९ मध्ये डच सरकारनेच ही छावणी उभारली, जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी. १ जुलै १९४२ रोजी जर्मनांनी ती ताब्यात घेतली आणि १५ जुलैला तिथून पहिली गाडी पूर्वेकडे, मृत्युछावण्यांच्या दिशेने, सुटली. पुढे मंगळवार हा गाडीचा ठरलेला वार झाला. नेदरलँड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांतले १,०७,००० पाठवले गेले आणि जेमतेम ५,००० परत आले.

एटीला सुरुवातीला ये-जा करायची मुभा होती. सप्टेंबर १९४२ मध्ये ती ॲम्स्टरडॅमला असताना श्पीर आजाराने वारला. त्याच सुमारास गेस्टापो त्याला न्यायला येणार होते, असं सांगतात. हाती आलेल्या वह्या १३ ऑक्टोबर १९४२ ला थांबतात, त्यानंतरचं तिचं लेखन म्हणजे पत्रं. ८ जून १९४३ च्या पत्रात आभाळभर पक्षी आहेत, जांभळ्या लुपिनची फुलं डौलात उभी आहेत, दोन म्हाताऱ्या खोक्यावर बसून गप्पा मारत आहेत, तोंडावर ऊन आहे. आणि आपल्या डोळ्यांदेखत कत्तल चालली आहे, हे सगळं आकलनापलीकडचं आहे, असं ती पुढच्याच दमात म्हणते. ऑगस्टमधल्या दीर्घ पत्रात गाडीच्या आदल्या रात्रीचं वर्णन आहे: कपडे चढवली जाणारी तान्ही बाळं, नुकताच पक्षाघात झालेली आणि तरी यादीत नाव आलेली तरुण मुलगी, सकाळी ऐटीत फलाटावर येणारा कमांडंट.

जूनमध्येच तिचे आईवडील आणि मिशा छावणीत आले. मिशाला पियानोमुळे सवलत मिळण्याची आशा होती. आईने थेट एसएस या नाझी दलाचा वरिष्ठ अधिकारी राउटर याला पत्र लिहिलं. त्याचा परिणाम उलटा झाला आणि सगळ्या कुटुंबाला लगेच पाठवण्याचा हुकूम आला. ७ सप्टेंबर १९४३ च्या गाडीत चौघे चढले. एटीने डब्यातून फेकलेलं पोस्टकार्ड शेतकऱ्यांना सापडलं आणि त्यांनी ते टपालात टाकलं. आम्ही गात छावणीतून निघालो, असं त्यात आहे. रेडक्रॉसच्या नोंदीनुसार ३० नोव्हेंबर १९४३ रोजी आउशवित्झमध्ये तिचा मृत्यू झाला. घरातलं कुणीच वाचलं नाही.

तिचं काही छापलं गेलं ते मात्र त्याच शरद ऋतूत. वेस्टरबोर्कहून पाठवलेली दोन पत्रं भूमिगत चळवळीने पुस्तिकेच्या रूपात काढली, आणि पोलिसांना चकवायला मुखपृष्ठ असं केलं की आत एका जुन्या चित्रकाराची पत्रं आहेत असं वाटावं. वह्या तिने जाण्याआधी घरातल्या मैत्रिणीकडे दिल्या होत्या, त्या स्मेलिककडे पोचवायच्या म्हणून. स्मेलिकने पन्नाशीच्या दशकापर्यंत प्रकाशकांचे उंबरे झिजवले. ॲनची डायरी १९४७ मध्येच आली होती. एटीच्या वह्यांत चिंतन फार, असा सूर होता. प्रकाशकांना युद्धाची साक्ष हवी होती आणि इथे एक बाई प्रेमात पडत होती, रिल्के वाचत होती, देवाशी बोलत होती. शिवाय अक्षर बारीक आणि किचकट.

अखेर स्मेलिकच्या मुलाने त्या वह्या प्रकाशक यान गेउर्त गारलांट यांच्याकडे नेल्या आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये वेचक नोंदींचं पुस्तक निघालं. ते झपाट्याने खपलं, पाठोपाठ अनेक भाषांत गेलं. त्याबरोबर वादही आला. काहींनी तिला गूढवादी संत केलं, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी राजीनामा जाहीर केल्यानंतरच्या १३ फेब्रुवारी २०१३ च्या भाषणात तिचा उल्लेख केला. काहींना तिचं न लपणं ही शरणागती वाटली. १९८६ मध्ये डचमध्ये संपूर्ण वह्या आल्या (सातवी सापडलेली नाही) आणि दोन्ही बाजूंची थोडी अडचण झाली. निवडीत मागे पडलेली घरातली भांडणं, पैशांची चणचण, अंगदुखी आणि श्पीरबद्दलचा संशय आता सगळ्यांसमोर होता, आणि देवाशी केलेलं बोलणं त्यांच्या मधोमध, त्याच शाईत लिहिलेलं होतं.