'शैक्षणिक' हा शिक्का कोणी मारायचा? पहिली-दुसरीच्या कॉम्प्युटर गेमची पार्श्वभूमी

पहिली-दुसरीच्या वर्गात कॉम्प्युटर गेम असावेत की नसावेत, यावर आता फारसे कोणी भांडत नाही. ते केव्हाच येऊन बसले आहेत. भांडण उरले आहे ते मापाचे: अमुक गेम चांगला, हे ठरवायचे कशावरून? आणि हे माप दर काही वर्षांनी बदलत आले आहे.

सुरुवातीचा काळ झटकन सांगून होतो. १९६०च्या दशकात विद्यापीठांतल्या मोठ्या यंत्रांना जोडलेल्या टर्मिनलवर मुले गणिते सोडवत. १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आली. तेव्हा प्रश्न यंत्र परवडते का एवढाच होता. १९७७ नंतर टेबलावर मावणारे कॉम्प्युटर आले, फ्लॉपीवर सॉफ्टवेअर विकले जाऊ लागले आणि शिक्षकांच्या हाती तपासणी-याद्या पडल्या. सूचना मुलाला कळतात का? भलतेच बटण दाबले तर प्रोग्रॅम बंद पडतो का? आवाज कमी करता येतो का? या याद्यांना पुढे बरीच नावे ठेवली गेली, पण त्या अगदीच टाकाऊ नव्हत्या. खोट इतकीच की यादी भरायला मोठे माणूस बसे, आणि मोठे माणूस बरोबर उत्तरे देत खेळते.

मूल तसे खेळत नाही. बरोबर उत्तराला एक चांदणी आणि चुकीच्या उत्तराला दणदणीत स्फोट असेल, तर सहा वर्षांचे मूल दोनदा पाहते आणि तिसऱ्यांदा मुद्दाम चुकते. चार पर्याय असतील तर काम आणखी सोपे. 'टिंग' वाजेपर्यंत एकामागून एक दाबत जायचे, प्रश्न वाचायचीही गरज नाही. शेवटी 'शाब्बास' येतेच.

हे हेरून १९८०च्या सुमारास एक वेगळा प्रयोग झाला. अपूर्णांकांचा एक गेम घेतला: संख्यारेषेवर फुगे, त्यांची जागा ओळखली की बाण सुटून फुगा फुटायचा. मग त्यातला एकेक घटक काढून आठ आवृत्त्या केल्या आणि मुले कुठे रमतात ते पाहिले. फुगे फोडण्याची कल्पना मुलग्यांना आवडली, मुलींना नाही! मुले पाचवीतली होती, तरी धडा धाकट्यांनाही लागू होता. 'मुलांना आवडतो' हे वाक्य कोणत्या मुलांना, ते सांगितल्याशिवाय अर्धेच राहते.

पुढच्या सगळ्या चर्चेवर सावली आहे ती शाळांतल्या सॉफ्टवेअरवरच्या, अमेरिकेतल्या २००७च्या अहवालाची. २००२च्या शिक्षण कायद्यानेच हा अभ्यास करायला सांगितले होते. १३२ शाळा, ४३९ शिक्षक. एकाच शाळेतल्या शिक्षकांपैकी सॉफ्टवेअर कोणी वापरायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. पहिलीचे वाचनही त्यात होते. निष्कर्ष असा की प्रमाणित चाचण्यांच्या गुणांत दोन गटांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. बातम्यांत तो 'सॉफ्टवेअर फोल' असा उतरला आणि तसाच चिकटला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण एवढ्या शिस्तीच्या अभ्यासाचा एवढा ढोबळ अर्थ क्वचितच लावला गेला असेल. एक तर तपासली गेली ती बहुतेक पाठ-सराव देणारी पॅकेजेस. त्यांना गेम म्हणणे म्हणजे उजळणीला खो-खो म्हणण्यासारखे. दुसरे, तुलनेच्या वर्गांत दुसरी सॉफ्टवेअर वापरायला बंदी नव्हती. तिसरा निर्णय सर्वांत वादाचा: पहिल्या अहवालात प्रत्येक उत्पादनाचा निकाल वेगळा दिला नाही, इयत्तेनुसार सरासरी दिली. या निर्णयाच्या बाजूने बोलणारे म्हणत, प्रश्न धोरणाचा आहे, एकेका कंपनीचा नव्हे. पण वर्गासाठी खरेदी करणारा सरासरी विकत घेत नाही, एक विशिष्ट डबा घेतो. २००९ मध्ये दहा उत्पादनांचे आकडे वेगवेगळे आले. नऊ पुन्हा निष्प्रभ ठरली आणि एकाचा परिणाम ठळक दिसला, तोही चौथीच्या वाचनात. म्हणजे सरासरीवर टीका करणाऱ्यांच्या हातीही फार काही लागले नाही. पहिल्या अहवालातली एक नोंद मात्र कोणी उचललीच नाही: पहिलीत, जिथे एका शिक्षकामागे मुले कमी, तिथे परिणाम जास्त दिसला होता.

२०११ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांवरचे एक काम प्रसिद्ध झाले, आणि माझ्या मते आजवरचे सर्वांत नेमके तेच. त्यातल्या गेममध्ये छातीवर संख्या असलेले सांगाडे चालून येतात. प्रत्येक वार म्हणजे एक भाजक; त्याने संख्येला नि:शेष भाग गेला तरच ते पडतात. दुसऱ्या आवृत्तीत सांगाड्यांवर संख्याच नाहीत, तोच भागाकार टप्पा संपल्यावर प्रश्नमंजुषेत. सारख्याच वेळात पहिल्या आवृत्तीची मुले जास्त शिकली. मोकळीक दिल्यावर तर त्या आवृत्तीवर त्यांनी सातपट वेळ घालवला. गणित खेळातच आहे की खेळाला बाहेरून टाचले आहे, हे कोणत्याही यादीत नसलेले कलम यातून पुढे आले.

पण तोवर टॅब्लेट आले होते. २०१५ पर्यंत एका मोठ्या ॲप-दुकानात 'शिक्षण' या कप्प्यात ८० हजारांहून जास्त ॲप होती. एकेकाची चाचणी अशक्य, म्हणून त्या वर्षी संशोधकांनी चार कसोट्या सुचवल्या: मूल डोके चालवते का, लक्ष विचलित होत नाही ना, शिकलेले त्याच्या जगाशी जुळते का, आणि दुसऱ्या माणसाशी बोलणे होते का. २०२१ मध्ये लहान मुलांची १२४ ॲप या कसोट्यांवर घासली, तेव्हा निम्म्याहून जास्त खालच्या गटात गेली.

आता शाळांना गेमबरोबर डॅशबोर्ड मिळतो: किती मिनिटे, किती टप्पे, किती टक्के. 'टिंग' वाजेपर्यंत दाबत गेलेले मूल तिथेही हिरव्या रंगातच दिसते.