पोरीला पाळीत जास्त जातंय? उष्णतेवर ढकलण्याआधी हे वाचा

सोलापूरचा उन्हाळा आधीच बदनाम, त्यात पोरीच्या अंगावरून जास्त जायला लागलं तरी बिल त्याच्याच नावावर फाडतात. उष्णता झालीय, सब्जा दे, लोणचं बंद कर, लग्न झालं की होईल नीट. लग्नाने रक्त थांबत असतं तर ब्लड बँकेतच मांडव घातले असते!

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच महिन्यांत स्त्रीबीज सुटतच नाही, मग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही आणि एकट्या इस्ट्रोजेन हार्मोनवर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, नंतर कधीही आणि भरपूर पडतं. बहुतेकींचं कारण हेच. दुखतं ते प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे, ते गर्भाशय आवळतं.

पण काही पोरींचं कारण रक्तातच असतं. १९२६ साली फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड या डॉक्टरांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं, त्यातली एक मुलगी पुढे १३ व्या वर्षी चौथ्या पाळीत रक्त जाऊन वारली.

त्या डॉक्टरांच्या नावाचं, फॉन विलेब्रँड फॅक्टर हे एक लांबलचक प्रोटीन आपल्या रक्तात असतं, एरवी रिळावरच्या सुतासारखं गुंडाळलेलं. रक्तवाहिनी फाटली की आतलं कोलॅजन उघडं पडतं, प्रोटीन तिथं चिकटतं आणि वाहत्या रक्ताच्या ओढीनेच उलगडतं, तेव्हा कुठे त्याची प्लेटलेट पकडायची जागा बाहेर येते. म्हणजे ओढ जितकी जोराची तितकी पकड जास्त, काय डोकं आहे बघा! शिवाय रक्त गोठायला लागणाऱ्या फॅक्टर ८ या दुसऱ्या प्रोटीनला तेच सांभाळतं, आणि धागे फार लांब झाले तर ॲडॅम्ट्स-१३ नावाचं एन्झाइम ते कापतं. ओ रक्तगटवाल्यांत हे प्रोटीन मुळातच साधारण २५ टक्के कमी असतं.

हे कमी पडलं की पाळीत धो धो जातं, नाकातून रक्त येतं, दात काढला तर थांबत नाही. बहुतेक वेळा हे आईबापाकडून येतं, त्यामुळे आई, मावशी, आजी सगळ्यांचं तसंच, म्हणून घरात कुणाला वेगळं वाटतच नाही, "आमच्यात असंच असतं" म्हणून विषय संपतो. साध्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट नॉर्मल येतात, या प्रोटीनची टेस्ट वेगळी सांगावी लागते.

दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात दिवसांच्या वर चालत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) बघा. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या असे उपाय आहेत. तोवर दुखतंय म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, पाळीच्या दुखण्यावरची मेफेनॅमिक गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच, दोन्ही प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात.